हिरोचं धड, शिपायाचे हात आणि आमचे अण्णा: जुळवायचं कसं?

पूर्वभागकर

मंडळी, प्रश्न लांब आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

मी सोलापूरचा. गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर असतो. बेअरिंग, बुश, ओ-रिंग हा रोजचा विषय. खेळणी जुळवायचा नाद मात्र फेब्रुवारीपर्यंत नव्हता. माझा पोरगा अकरा वर्षांचा. दर जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर गेलो की गड्ड्यातून, म्हणजे तिथल्या जत्रेतून, एक हिरो घ्यायचाच, आणि शिमग्यापर्यंत त्याचा एक हात तुटायचाच, असं पाच-सहा वर्षं चाललंय. काही पाहुण्यांनी दिलेले चांगले, खोक्यातले. अशी एक पिशवीभर लुळी-पांगळी फौज घरात आहे.

एका रविवारी पोराने सगळे पलंगावर रांगेत उभे केले होते. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, शेजारी बसलेले. त्यांनी एकाला उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "हा काय करतो?"

"फाइट करतो."

"ते कळलं रे. पोटाला काय करतो?"

पोराला उत्तर सुचेना. मलाही सुचलं नाही.

अण्णांनी चाळीस वर्षं माग चालवला. चादरीचा, वर जेकार्ड, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणायचं यंत्र, बसवलेला. कारखाना बंद पडला, माग किलोवर भंगारात गेले. घरात राहिलंय ते एवढंच: एक धोटा (आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे धावतो तो), धाग्याच्या दोन कांड्या आणि भोकं पाडलेले जेकार्डचे सात-आठ पुठ्ठे. त्या रविवारी डोक्यात बसलं की या तुटक्या फौजेतूनच अण्णांचा एक बाहुला करायचा. शोकेसमधला पुतळा नव्हे. सांधे हलणारा, हिरोसारखाच खोक्यात बसणारा. आणि खोक्यावर पोटाला काय करतो ते लिहायचं.

आता अडचणी सांगतो.

माप. माझ्याकडचा सगळ्यात धड हिरो टाचेपासून डोक्यापर्यंत १६ सेंटिमीटर. या उंचीचे बाहुले साधारण १:१२ धरतात. अण्णा ५ फूट ४ इंच, म्हणजे १६२ सेंटिमीटर. भागिले १२ केलं तर साडेतेरा. अडीच सेंटिमीटर हिरो जास्तीचा आहे, तो कुठून कापू? आणि छाती तर अशी की त्यात दोन अण्णा बसतील. अण्णांची छाती बनियनमधून मोजता येते, एकेक बरगडी.

खांदा. धड एका बाहुल्याचं, हात दुसऱ्याचे, कारण याच्या दंडाला मी लोखंड म्हणावं असे गोळे आहेत. दुसऱ्याच्या हाताची खुंटी ४ मिमी, धडाचं भोक साडेपाच. एम-सील भरून बसवला तर हात जाम झाला. जोर लावला तर खुंटीच मोडली. एक हात वाया गेला, तसलाच दुसरा आहे, पण तो शेवटचा.

डोकं. कुस्तीवाल्या बाहुल्याचं घेतलं, कारण त्याला टक्कल होतं. मऊ रबरासारखं आहे. जबडा कमी करायला मेणबत्तीवर ब्लेड तापवून कापला. घाण वास सुटला, डोळ्यांतून पाणी आलं. त्यावर घरातला दाराचा ऑइल पेंट लावला, बारा दिवस झाले. बाहेर बेचाळीस अंश तापमान आहे, मिसेसच्या कुरडया दोन दिवसांत खडखडीत वाळल्या, आणि हे डोकं अजून बोटाला चिकटतंय!

पण खरी अडचण हात, म्हणजे पंजे. पिशवीतले सगळे पंजे एकतर मूठ वळलेले, नाहीतर बंदूक धरायचे. अण्णांचा हात तसा नाही. मागावर धागा तुटला की दोन्ही टोकं डाव्या चिमटीत, उजव्या बोटाने एक वळसा, अंगठ्याने दाबून ओढ. तुम्ही "एक" म्हणेपर्यंत गाठ पडलेली असते, आणि एवढी बारीक की फणीतून निघून जाते. आजही पुडीचा दोरा हाती आला तरी त्यांची बोटं आपोआप तेच करतात. मला तो हात पाहिजे. दुसऱ्या हातात धोटा. घरातला धोटा मोजला, सव्वा फूट भरला. बाराने भागून साधारण सव्वातीन सेंटिमीटर. तो आइस्क्रीमच्या काडीचा करतोय, टोकांना टाचणीचं टोक लावून. तेवढं जमेल.

आणखी एक. मागांच्या आवाजाने अण्णांचा डावा कान गेला. कुणी बोललं की ते मान किंचित डावीकडे वळवून उजवा कान पुढे करतात. ती मान तशी राहायला पाहिजे.

कुणी हे केलंय का? चुकलेलं सांगा, राग नाही.

---

मुठेकाठचा

एवढा व्याप कशाला? आमच्याकडे पुण्यात फोटो दिला की थ्रीडी प्रिंट करून देतात. चेहरा हुबेहूब. चार दिवसांत घरी.

---

पूर्वभागकर

बघितलं ते. पण ते फोटोतले अण्णा करतील. फोटो काढताना अण्णा पोलीस भरतीला आल्यासारखे ताठ उभे राहतात. तसे ते एरवी कधीच उभे राहत नाहीत.

---

लांबीवाला

भाऊ, मी गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतो, होटगी रोडला. पोरीच्या बाहुल्यांपासून सुरुवात झाली, आता रात्री दहानंतर हाच धंदा, बिनपगारी.

आधी रागावतो. मेणबत्तीवर ब्लेड तापवून ते मऊ प्लास्टिक कापलंत ना, ते पीव्हीसी असणार. जळलं की त्यातून आम्लाचा वायू निघतो, हायड्रोजन क्लोराइड. डोळ्यांतून पाणी आलं ते त्याचंच. घरात म्हातारं माणूस, लहान पोर. परत करू नका. पीव्हीसी मऊ करायला गरम पाणी पुरतं.

आता पहिलं काम, कुठला पार्ट कशाचा आहे ते ओळखायचं. नाहीतर गोंदही चुकतो आणि रंगही. दोन ग्लास घ्या. एकात साधं पाणी. दुसऱ्यात मीठ टाकत राहा, विरघळायचं थांबेपर्यंत. पार्ट साध्या पाण्यातच तरंगला तर तो पॉलिथिन नाहीतर पॉलिप्रॉपिलिन. गड्ड्यातले पोकळ, दाबले की चेपणारे हिरो बहुतेक तेच. त्यावर फेविक्विक धरत नाही, रंगही नखाने सुटतो. तो बाजूला ठेवा, कापडाखाली झाकायचा असेल तरच वापरा. साध्या पाण्यात बुडला आणि मिठाच्या पाण्यात तरंगला तर एबीएस, म्हणजे कडक प्लास्टिक, असण्याची शक्यता जास्त. हा आपला माणूस: कापा, घासा, चिकटवा, सगळं सोसतो. दोन्हीत बुडला तर बहुधा पीव्हीसी. पार्ट पोकळ असेल तर आतली हवा काढून बघा, नाहीतर ग्लास खोटं बोलेल. आणि आत स्क्रू राहिला असेल तर तो आधी काढा.

तुमचं डोकं चिकटतंय त्यात उन्हाचा दोष नाही. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखा पदार्थ घातलेला असतो. तो वर येतो आणि ऑइल पेंटला वाळूच देत नाही. बारा दिवस काय, पुढच्या गड्ड्यापर्यंत चिकटेल. मऊ पार्टवर पाण्यातला ॲक्रेलिकच लावायचा. आणि तुमच्या दुकानात ब्रेक ऑइल आहे, त्याने रंग काढायचा मोह होईल, मला माहीत आहे. ते कडक प्लास्टिकवर चालतं, या मऊ डोक्यावर नको. खरं सांगू का, ते डोकं सोडून द्या.

खांद्याचं सोपं आहे. भोक भरायचंच नाही, खुंटी जाड करायची. तुम्ही बुश विकता आणि एम-सील भरता? वायरिंगवाल्याकडून हीट श्रिंक स्लीव्ह घ्या, गरम केली की आवळते ती नळी. पण खुंटीवर ठेवून गरम करू नका, खुंटी वाकेल. ४ मिमीच्या ड्रिलच्या दांड्यावर चढवून गरम करा, आवळली की सरकवून काढा, मग खुंटीवर घाला. एकावर एक दोन लागतील. हात फिरेलही आणि जिथे सोडाल तिथे थांबेलही. आता जो सांधा मुळातच ढिला आहे, त्याच्या गोळीवर फेविक्विकचा एकच पातळ हात द्यायचा, बसवायच्या आधी पूर्ण वाळू द्यायचा. घाईत बसवलात की कायमचा बसला.

उंचीचं. मांडीतून ८ मिमी, पोटरीतून ७. गुडघ्याचा सांधा सोडून मधला तुकडा काढायचा, हेक्सा पत्तीने. जोडताना नुसता गोंद नको. दोन्ही बाजूंना भोक पाडून आत सायकलच्या स्पोकचा तुकडा घाला, २ मिमीचा असतो, बरोबर बसतो. मग फेविक्विक, वरून चिमूटभर खायचा सोडा. धूर निघेल, तोंड लांब ठेवा. क्षणात दगड होतो, लगेच घासायला घ्या. दीड सेंटिमीटर पायांतून गेलं, उरलं एक. ते कंबर आणि मानेतून काढा. हिरोची मान तशीही बैलासारखी असते. अण्णा थोडे वाकलेले असतील तर तीन-चार मिमी तिथेच मिळतील.

छाती घासून कमी होणार नाही, आत पोकळ असते, भोक पडेल. मागून उभी चीर पाडून मधली पट्टी काढा आणि दोन अर्धे जवळ आणा. बनियन वरून येणारच आहे.

घासायला वॉटर पेपर ४००, मग ८००. पाण्यात बुडवूनच, म्हणजे पूड नाकात जात नाही. रंगाआधी भांड्याच्या साबणाने धुवा, साच्यातून सुटायला लावलेलं तेल पार्टवर असतं. आणि स्प्रे मारायचा तर सकाळी सातला. आपल्याकडे दुपारी मारला तर रंग हवेतच वाळतो आणि पार्टवर पोचेपर्यंत त्याची रांगोळी होते.

अंगाचा रंग विकत मिळतो तो घेऊ नका, तो गोऱ्या साहेबांचा असतो. तांबूस तपकिरी घ्या, त्यात पिवळ्या मातीचा रंग. गडद करायला काळा घालू नका, माणूस आजारी दिसतो. थेंबभर निळा घाला.

---

का_बे_कलेक्टर

काय बे पूर्वभागकर, मन जिंकलास की! पोटाला काय करतो म्हणे. आमच्या घरी हा प्रश्न मलाच विचारतात.

मी जुने जी. आय. जो जमवतो. पावणेचार इंची, फनस्कूलचे, आपल्या लहानपणी इथे मिळायचे ते. पाठीत एक स्क्रू, तो काढला की आत एक काळी रबरी रिंग, तिने वरचं धड आणि पाय एकमेकांना धरून ठेवलेले. वर्षं गेली की रबर सुकणारच, मग रिंग तुटते आणि जवान कमरेतून दोन होतो. लहानपणी मी रडलो होतो बे, वाटलं मेला. आता कळतं, दहा-वीस रुपयांची ओ-रिंग. म्हणजे तुझ्या काउंटरवरचा माल! जुनी रिंग दाखवून माप जुळवायचं, झालं. तुझ्याकडेच येतो एकदा पिशवी घेऊन.

तुला हे सांगायचं कारण, कमरेला तोच हिशेब लाव. लांबीवाले भाऊंनी कंबर कापायला सांगितली ते बरोबर, पण कापून चिकटवू नको. आत रिंग घाल, वर एक आकडा, खाली एक. मग अण्णा वाकतील, वळतील, धागा बघायला मागावर झुकतील. चिकटवलेला माणूस काय झुकणार?

आता पंजा. तू म्हणतोस सगळे बंदुकीचे पंजे आहेत, काय कामाचे. अरे, तेच तर पाहिजेत! बंदूक धरायच्या पंजाचं बोट बघ नीट. तीन बोटं वळलेली, तर्जनी पुढे, घोड्यावर ठेवायला सुटी. म्हणजे गाठ मारायला आलेला हातच की तो, फक्त अंगठा लांब आहे. कपात उकळून जरा निवलेलं पाणी घे, पंजा अर्धा मिनिट बुडव, काढून अंगठा तर्जनीकडे दाब आणि तसाच धरून गार पाण्यात घाल. वाकलेला राहतो. मऊ पीव्हीसीचाच पंजा घे, कडक असला तर कट्कन मोडेल. चिमटीत खराखुरा धागा दे, दोन टोकं. मी आत्ताच एका शिपायावर करून बघितलं. बंदूक काढली, दोरा दिला. शिपायाच्या चेहऱ्यावर अजून खुन्नस आहे पण हात दर्जी झालाय.

दंडासाठी एक आयडिया. मोठे हिरो सोड, पोरसवदा हिरोचे हात शोध, शाळेत जाणारे असतात ना ते. त्यांचे दंड काडीसारखे. मंगळवार बाजारात जुन्या सामानात बसून उकरायचं, एखादा हात नक्की सापडतो. तिथे बाहुला म्हणून भाव विचारू नको, तुटका हात म्हणून विचार.

---

कवळीवाली_ताई

पूर्वभागकर दादा, मी सात रस्त्याजवळ दातांच्या लॅबमध्ये कामाला आहे. कवळ्या, कॅप, साचे. खेळण्यांतलं मला काही कळत नाही, पण तोंडातलं कळतं. म्हणून डोक्याबद्दलच बोलते.

कुस्तीवाल्याचा जबडा कापून तुमचे वडील होणार नाहीत. तुम्ही नवीन डोकं घडवा. माप आधी: साडेतेरा सेंटिमीटरच्या माणसाचं डोकं, हनुवटीपासून टाळूपर्यंत, साधारण १.८ सेंटिमीटर धरा. माणसाच्या उंचीत डोकी साडेसात बसतात. हिरोला आठच्या वर बसवतात, म्हणून तो उंच आणि मोठा वाटतो. म्हणजे तुमचं शरीर लहान झालं तरी डोकं तेवढं लहान करायचं नाही. नाहीतर अण्णा लांबून परत हिरो दिसतील.

आत ॲल्युमिनियमच्या फॉइलची घट्ट गोळी करा, वाटाण्यापेक्षा थोडी मोठी. त्यावर एम-सीलचा पातळ थर, नुसती कवटी. डोळ्यांच्या जागी खड्डे दाबून ठेवा आणि रात्रभर सोडून द्या. नाक-कान-गाल दुसऱ्या दिवशी. सगळं एकदम करायला गेलात की नाक करताना कान चेपतो, कान करताना नाक. उन्हाळ्यात हे लवकर कडक होतं, म्हणून हरभऱ्याएवढंच मळून घ्या. मळण्याआधी एम-सीलच्या दोन्ही कांड्या थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवल्या तर हाताला जास्त वेळ मिळतो. हातमोजे घाला, कच्चं असताना ते त्वचेला चांगलं नाही. हत्यार म्हणून जाड सुई अर्धी मोडून रिकाम्या रिफिलमध्ये बसवा. टोकाला किंचित व्हॅसलीन, म्हणजे चिकटत नाही.

आता महत्त्वाचं. वडिलांचे दात आहेत का? कवळी लावतात का? हे विचारते कारण दात गेले की नाक आणि हनुवटी जवळ येतात. चेहऱ्याचा खालचा भाग आखूड होतो, ओठ आत जातात, गाल बसतात. लोक म्हातारा करायचा म्हणून नुसत्या सुरकुत्या ओढत बसतात, आणि तोंड तिशीतल्या माणसाचं ठेवतात. मग तो म्हातारा वाटत नाही, इस्त्री न केलेला तरुण वाटतो. आणि कान मोठे करा. वयाप्रमाणे कान लांबतो, पाळी खाली येते. तुमच्या अण्णांचा उजवा कान पुढे येतो म्हणालात ना, मग तो कान नीट करा, डावा केसांत गेला तरी चालेल.

मान वळवायची तर गोळीचा सांधा तसाच राहू द्या. फक्त मानेच्या खोबणीत डाव्या बाजूला जरा जास्त घासा. डोकं आपणहून तिकडे कलतं.

---

पूर्वभागकर

ताई, कवळी आहे, पण फक्त लग्नकार्याला. एरवी डबीत.

---

कवळीवाली_ताई

सगळ्यांची डबीतच असते. मग डबीतल्यासारखंच तोंड करा, कवळी नसलेलं.

---

पूर्वभागकर

तीन आठवडे झाले, हिशेब देतो.

दोन ग्लासांचा प्रयोग पोराने केला, अख्खी पिशवी. गड्ड्यातली फौज सगळी साध्या पाण्यात तरंगली. पोरगा म्हणाला, "हे सगळे सिद्धेश्वर तलावात सोडले तरी बुडणार नाहीत." एबीएसचे निघाले चारच. मिठाच्या पाण्यातले बाहुले नळाखाली धुवायला विसरलो, दोन दिवसांनी सगळ्यांवर पांढरी खपली. लांबीवाले, हे तुम्ही सांगितलं नव्हतं.

मांडी-पोटरी कापून स्पोक घातला. डावा पाय पहिल्याच झटक्यात बसला. उजव्याचं भोक तिरकं पडलं, त्यामुळे तो पाय जरा बाहेर फेकलेला आहे. खोडून परत करणार होतो. मिसेस म्हणाली, राहू दे, मामंजी तसेच उभे राहतात की. मी दाराआड उभं राहून बघितलं. खरंच तसेच उभे राहतात. चाळीस वर्षं उजव्या पायावर भार देऊन उभा राहिलेला माणूस, मला कधी दिसलंच नव्हतं.

खांद्याला स्लीव्ह, एक नंबर. मालकाला दाखवलं तर म्हणाला, गिऱ्हाइकाला पण अशीच सर्व्हिस देत जा. कंबरेला ओ-रिंग, आमच्याच काउंटरवरची. पहिली फार आवळ बसली, अण्णा सारखे मागे कलायचे, छाती काढून. दुसरी एक माप मोठी घातली तेव्हा वाक आला.

बनियनसाठी आधी टॉवेलचा तुकडा बघितला. सोलापुरात टॉवेलला काय तोटा. पण त्या मापाला टॉवेलचे फासे दोरखंडासारखे दिसतात, अण्णा मेंढीचं कातडं पांघरल्यासारखे. शेवटी जुनं मलमलचं धोतर कापलं. फेविकॉल पाण्यात पातळ करून त्यात बुडवलं, अंगावर ठेवून सुईने चुण्या पाडल्या, पंख्याखाली वाळवलं. खांद्याजवळ बनियनचं भोकही पाडलंय, अण्णांच्या सगळ्या बनियनना ते तिथेच असतं. खाली पट्ट्यांची चड्डी, गुडघ्यापर्यंत. भुवयांवर आणि डोक्यावर कापूस चोळला, म्हणजे मागावरून उतरल्यावर असायचे तसे. लहानपणी आम्हाला वाटायचं अण्णा रोज कारखान्यातून म्हातारे होऊन येतात आणि आंघोळ करून तरुण होतात.

डोकं तीनदा केलं. पहिलं चुलत्यासारखं आलं. दुसरं कुणासारखंच नाही. तिसऱ्याला कान केला आणि बाकी चेहरा नीट जमायच्या आतच अण्णा दिसायला लागले. मग हात लावला नाही. नाक अर्धवट आहे, असू दे.

पंजाचं तर विचारू नका. का_बे भाऊ, तुमच्या शब्दाबरहुकूम केलं. शिपायाचा हात, गरम पाणी, अंगठा दाबला. चिमटीत लाल धागा, चादरीच्या किनारीचा. दोन टोकं सुटी. दुसऱ्या हातात धोटा, तो घसरत होता म्हणून फेविक्विकचा थेंब. उभं राहायला खाली जेकार्डच्या पुठ्ठ्याचा तुकडा, तळव्याची खुंटी त्याच्याच भोकात बसवली. वेगळं भोक पाडायला लागलं नाही.

काल रात्री अण्णांना दिला. चष्मा लावला, बल्बखाली धरला. चेहऱ्याकडे बघितलंच नाही. आधी चिमटीतला धागा ओढून बघितला. मग धोटा बघितला, बराच वेळ. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. तर आमच्या घरच्या तेलुगूत म्हणाले, धोटा उलटा धरलाय. धाग्याचा डोळा, म्हणजे धागा बाहेर येतो ते भोक, या बाजूला आला. आमच्या मागाला उजव्या डोळ्याचा धोटा लागायचा, हा डावा झाला. असा घातला तर पहिल्याच फेऱ्यात धागा तोडेल. आणि बाहुला माझ्या हातात परत दिला, दुरुस्तीला आलेल्या मालासारखा.

तर शेवटचा प्रश्न. फेविक्विकने चिकटलेला धोटा पंजा न मोडता कसा काढायचा? नेलपेंट रिमूव्हर लावू का?

---

लांबीवाला

अजिबात नको! रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असेल तर पंजाचा रंग तर जाईलच, मनगटाची एबीएसची खुंटीही विरघळेल. प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, तीन-चार तास. फेविक्विक थंडीत ठिसूळ होतं. काढल्या काढल्या धोट्याला हलकी पीळ द्या, पंजाला नको, थंडीत तोही कडक झालेला असेल. आणि मिठाचं माझं चुकलं, सांगायला पाहिजे होतं.

---

का_बे_कलेक्टर

उजवा डोळा, डावा डोळा! धोट्याला पण असतो होय बे? आता अण्णांनाच विचारून घे सगळं, मागचा माग पण करून टाक.

---

पूर्वभागकर

ठेवलाय फ्रीजरमध्ये. दहा मिनिटांपूर्वी अण्णा बर्फ घ्यायला गेले होते. स्वतःला मटारच्या पिशवीशेजारी आडवं बघून आले आणि मला विचारतायत, "काढलास का धोटा?"